स्वतःच्या छोट्या विमानाचा विमा: हप्ता नेमका कशावर ठरतो?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींमध्ये हौस म्हणून विमान चालवायला शिकणारे आता बरेच भेटतात. परवाना हातात पडला की वर्षा-दोन वर्षांत भाड्याच्या विमानाचा कंटाळा येतो आणि चार आसनांचं एखादं जुनं सेस्ना १७२ घ्यायचं मनात घोळू लागतं. विमानाची किंमत, हँगरचं भाडं, दरवर्षीची सक्तीची तपासणी, इंधन या सगळ्याचा हिशेब लोक चोख मांडतात. विम्याच्या रकान्यात मात्र कुणाकडून तरी ऐकलेला आकडा टाकून मोकळे होतात. त्या एकाच रकान्याबद्दल मला इथे लिहायचं आहे, कारण तिथे गफलत झाली तर विमानाबरोबर राहतं घरही पणाला लागू शकतं.

पॉलिसीचे मुळात दोन भाग असतात. पहिला 'हल', म्हणजे खुद्द विमानाचा विमा. दुसरा 'लायबिलिटी', म्हणजे तुमच्या विमानामुळे दुसऱ्याच्या जिवाचं किंवा मालमत्तेचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. चारचाकीच्या विम्यात 'ओन डॅमेज' आणि 'थर्ड पार्टी' असतं तशीच ही विभागणी. पण गाडीचा विमा काढलेल्या माणसाला इथे दोन-तीन ठिकाणी चकवा बसतो.

आधी आकडा सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याला तोच हवा असतो. समजा, विमान ९०,००० डॉलरचं सेस्ना १७२ आहे. मालकाकडे तीन-चारशे तासांचा अनुभव आहे, ढगांतून उपकरणांच्या आधारे उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे आणि विमान हँगरमध्ये राहतं. गेल्या काही वर्षांतले दर पाहता अशा मालकाला दोन्ही भाग मिळून वर्षाला साधारण हजार ते दोन हजार डॉलरच्या दरम्यान हप्ता बसतो. आता हाच माणूस त्याच किमतीचं, पण चाकं पोटात ओढून घेणारं जुनं बोनान्झा किंवा मूनी घ्यायला निघाला आणि तशा विमानाचा त्याला एकाही तासाचा अनुभव नसला, तर आकडा सहज दुप्पट-तिप्पट होतो. एखादी कंपनी भाव द्यायलाच नकार देते. किंमत तीच आणि माणूस तोच, तरी हप्ता बदलला, कारण या माणसाच्या हातून ते विमान मोडण्याची शक्यता बदलली. विमा कंपनी विमानापेक्षा वैमानिकाला जास्त तोलते, ही गोष्ट लक्षात आली की बाकीचे नियम आपोआप उलगडत जातात.

वैमानिकाचं काय तोलतात? एकूण तास किती, त्यांतले त्याच जातीच्या विमानावरचे किती, गेल्या बारा महिन्यांतले किती. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे का. याआधी अपघात किंवा क्लेम झाला आहे का. शेपटीखाली चाक असलेल्या किंवा दोन इंजिनांच्या विमानाला त्या-त्या प्रकारचा वेगळा अनुभव मागतात. वयही धरतात. सत्तरीच्या पुढे गेलेल्या वैमानिकाला काही कंपन्या दरवर्षी प्रशिक्षकाबरोबर तपासणीचं उड्डाण करायला लावतात, लायबिलिटीची मर्यादा कमी करतात किंवा नवा ग्राहक म्हणून घेतच नाहीत. चाळीस वर्षं निर्धोक उडालेल्या माणसाच्या हे मनाला लागतं, आणि लागणं साहजिक आहे. त्यावर एकच खरा उपाय दिसतो: वय वाढत असताना कंपन्या बदलत फिरू नये. जुन्या ग्राहकाला कंपनी सांभाळून घेण्याची शक्यता नव्यापेक्षा जास्त असते.

चाकं ओढून घेणाऱ्या विमानांची कंपन्यांना इतकी धास्ती का, हे कळायला एक दृश्य डोळ्यांसमोर आणावं लागेल. विमान धावपट्टीवर उतरतंय. वैमानिकाचं लक्ष समोरच्या विमानाकडे किंवा रेडिओवरच्या बोलण्याकडे गेलं आणि चाकं खाली करायची राहून गेली. चाकं खाली नसल्याचा इशारा देणारा भोंगा वाजत असतो, पण त्या क्षणी तो कानांत शिरत नाही. विमान पोटावर उतरतं, घसरत जाऊन थांबतं. माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर येतात, कुणाला खरचटतही नाही. बाहेरून पाहिलं तर पोटाचा पत्रा घासलेला आणि पंख्याची पाती टोकांशी मुडपलेली, एवढंच दिसतं. पण फिरता पंखा जमिनीवर आपटला म्हणजे आतल्या क्रँकशाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, हादरा बसला. त्यामुळे इंजिन उतरवून पूर्ण उघडावं लागतं, भाग न् भाग तपासावा लागतो. नवा पंखा, इंजिनाचं काम, पत्र्याचं काम हे सगळं धरून बिल हजारो डॉलरमध्ये जातं, आणि जुन्या विमानाच्या बाबतीत अनेकदा विमानाच्या किमतीच्याच जवळ पोहोचतं. असे क्लेम सतत येत राहतात, म्हणून हप्ता चढा असतो. नवख्या मालकाला कंपनी अट घालते, की एकट्याने उडण्याआधी या विमानावर प्रशिक्षकाबरोबर दहा तास, कधी पंचवीस तास करून दाखवा. अनेकांना ती अट जाच वाटते. माझ्या मते पॉलिसीतलं ते सगळ्यात कामाचं कलम आहे.

हलचा विमा तीन अवस्थांमध्ये विभागलेला असतो: विमान उभं असताना, जमिनीवर चालत असताना आणि हवेत असताना. विमान मोठ्या दुरुस्तीत अडकलं असेल किंवा कडक हिवाळ्यात उडायचंच नसेल, तर तेवढ्या काळापुरता हवेतला भाग थांबवून हप्त्यात सूट मागता येते. पण उभ्या विमानाचा विमा काढून टाकणं शहाणपणाचं नाही. ३१ मार्च २०११ रोजी फ्लोरिडातल्या लेकलँड इथे सन अँड फन हा विमानांचा मोठा मेळा भरलेला असताना वावटळ आली आणि मैदानात बांधून ठेवलेली डझनावारी विमानं उलटीपालटी झाली. ती सगळी उभीच होती. गारपीट, वादळ आणि हँगरला लागणारी आग यांना वैमानिकाच्या कौशल्याशी काही देणंघेणं नसतं.

आता पहिला चकवा. गाडीच्या विम्यात दरवर्षी घसारा धरून किंमत खाली येत जाते. छोट्या विमानाच्या पॉलिसीत बहुतेक वेळा 'ठरलेली किंमत' असते. विमान पूर्ण गेलं तर बाजारभाव काहीही असो, कागदावर लिहिलेली रक्कम मिळते. ती रक्कम मालक सुचवतो, आणि हप्ता वाचवायला काही जण ती मुद्दाम कमी लिहितात. "काही झालंच तर छोटंमोठंच होईल, पूर्ण विमान थोडंच जाणार आहे," असा त्यामागे हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा का, ते आकड्यांनीच बघू.

बाजारात ९०,००० डॉलर किमतीच्या विमानाचा विमा मालकाने ५०,००० चाच उतरवलाय. उतरताना पुढचं चाक मोडलं, पंखा आपटला, दुरुस्तीचा अंदाज आला ३०,००० डॉलर. मालकाला वाटतं, ३०,००० हे ५०,००० पेक्षा कमी आहेत, म्हणजे दुरुस्ती होणार. पण कंपनी मोडक्या विमानाचीही किंमत धरते. समजा ते आहे त्या अवस्थेत कुणी २५,००० ला घ्यायला तयार आहे. दुरुस्त करून दिलं तर कंपनीच्या खिशातून ३०,००० जातात. त्याऐवजी मालकाला ५०,००० देऊन विमान ताब्यात घेतलं आणि २५,००० ला विकलं, तर कंपनीला निव्वळ २५,००० चीच झळ बसते. कंपनी दुसरा मार्ग घेते, आणि करारानुसार तो तिचा हक्क आहे. मालकाच्या हातात ५०,००० येतात आणि तशाच विमानासाठी बाजारात ९०,००० मोजावे लागतात. वर्षाला चार-पाचशे डॉलर वाचवण्यापायी ४०,००० चा खड्डा पडतो.

उलट टोकाला जाऊनही भागत नाही. किंमत फुगवून १,४०,००० लिहिली, तर जबर मोडलेलं विमानही कंपनी दुरुस्तच करून देते. वर्षभर विमान कारखान्यात पडून राहतं आणि परत येतं ते अपघाताचा डाग कागदोपत्री घेऊन, जो पुढे विकताना भाव पाडतो. म्हणून दरवर्षी नूतनीकरणाआधी आपल्यासारखं विमान आज किती डॉलरला विकलं जातंय हे बघावं आणि तोच आकडा लिहावा. नवे रेडिओ, नवा ऑटोपायलट बसवला तर त्याच आठवड्यात कंपनीला कळवावं. झीज आणि आपसूक होणारे बिघाड मात्र हल विम्यात येत नाहीत. इंजिन थकून बंद पडलं तर ते इंजिन तुमच्या खर्चाने. त्यामुळे शेतात उतरावं लागून विमान मोडलं, तर ती मोडतोड विम्यात येते.

दुसरा चकवा याहून गंभीर आहे, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते. लायबिलिटीची सर्रास विकली जाणारी पॉलिसी १० लाख डॉलरची असते. मालक अभिमानाने सांगतो, "माझ्याकडे दहा लाखांचं कव्हर आहे." पण त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं, की प्रत्येक प्रवाशामागे मर्यादा १ लाख डॉलर. ही दहा लाखांची रक्कम प्रामुख्याने बाहेरच्यांसाठी आहे, म्हणजे ज्याच्या घरावर विमान पडलं किंवा ज्याचं विमान तुम्ही धडकवलंत त्याच्यासाठी. तुमच्या शेजारच्या आसनावर बसलेल्या मित्रासाठी कमाल १ लाख. त्याच्या पाठीमागे नोकरी न करणारी बायको आणि दोन लहान मुलं असली, तर अमेरिकेतल्या न्यायालयात दावा किती लाखांवर जाईल याचा विचार करा. वरचा फरक तुमच्या बचतीतून, घरातून, पुढच्या कमाईतून वसूल होऊ शकतो. आणि छोट्या विमानात आपण बसवतो कुणाला? भाऊ, मेहुणा, मित्राची मुलं. ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त जपायला हवं, त्यांच्याच नावाने पॉलिसीत सगळ्यात कमी रक्कम असते.

काही पॉलिसींमध्ये 'प्रत्येक प्रवासी' याऐवजी 'प्रत्येक व्यक्ती' असे शब्द असतात. तेव्हा तीच १ लाखाची मर्यादा जमिनीवरच्या माणसालाही लागू होते, म्हणजे कव्हर आणखी तोकडं. प्रवाशांसाठी वेगळी मर्यादा नसलेली पॉलिसीही मिळते, तिला तिथले दलाल 'स्मूथ' म्हणतात. ती महाग असते आणि कमी अनुभवाच्या वैमानिकाला अनेकदा देतच नाहीत. ती मिळत नसेल तर निदान प्रवाशामागची मर्यादा २ लाखांपर्यंत वाढवून मिळते का, हे विचारावं. हल थोडा तोकडा पडला तर विमान जातं, लायबिलिटी तोकडी पडली तर आयुष्यभराची कमाई जाते. पैसे कमी असतील तर कुठे आधी घालायचे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तिसरी गोष्ट पैशांची नाही, अटींची. प्रत्येक पॉलिसीत विमान कोण चालवू शकतो हे लिहिलेलं असतं. काही जण नावानिशी असतात. बाकीच्यांसाठी एक खुलं कलम असतं: अमुक परवाना, एकूण इतके तास, या जातीच्या विमानावर इतके तास. मित्राला विमान द्यायचं असेल तर तो या कलमात बसतो की नाही, हे आधी तपासावं. बसत नसेल तर तो उडाला त्या वेळेपुरता विमा नाहीच असं समजावं. आणि बसत असला तरी मित्राचं सगळं संरक्षण होतं असं नाही. कंपनी मालकाला विमानाची भरपाई देऊन तेच पैसे पुढे मित्राकडून वसूल करायला जाऊ शकते. म्हणून दुसऱ्याचं विमान नेणाऱ्याने स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी, जशी भाड्याने विमान चालवणारे घेतात. प्रशिक्षकांनाही हेच लागू आहे.

कागदपत्रांची मुदतही इथेच येते. विमानाची वार्षिक तपासणी, वैमानिकाची वैद्यकीय पात्रता, दर चोवीस महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर करायचा आढावा यांपैकी एक जरी चुकलं, तरी कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. अपघाताचा आणि चुकलेल्या तारखेचा संबंध कंपनीने दाखवायला हवा, असं काही राज्यांतली न्यायालयं मानतात. इतर राज्यांत तशी गरज नाही, मुदत संपली होती एवढं पुरतं. पैसे घेऊन प्रवासी नेले तरीही वैयक्तिक वापराची पॉलिसी हात वर करते. मित्रांनी इंधनाचा खर्च समान वाटून घेणं मात्र सहसा चालतं.

अमेरिकेतल्या वैमानिकांमध्ये एक वाक्य पक्कं रुजलेलं आहे: हवेत इंजिन बंद पडलं, त्या क्षणापासून विमान विमा कंपनीचं. प्रशिक्षक हे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवतात, कारण विमान वाचवण्याच्या नादात माणसं जीव गमावतात. धावपट्टीपर्यंत पोहोचू म्हणून गती हरवत ताणत राहतात, समोर सपाट शेत असताना. सिरस कंपनीच्या विमानांना अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट असतं. ते उघडलं की विमान बहुतेक वेळा भंगारात जातं, आतली माणसं मात्र वाचतात. कंपन्या याबद्दल कुरकुर करत नाहीत. विमानाची भरपाई एकदाच द्यायची असते, माणसांच्या दाव्यांना मात्र अंत नसतो. आपला विमा पुरेसा आहे हे ठाऊक असलेल्या वैमानिकाचा हात पॅराशूटचं हँडल ओढताना अडखळत नाही, आणि योग्य रकमेचा हल विमा काढण्याचं माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं कारण आहे.

तुम्ही काहीही चूक केली नाही तरी हप्ता कधी कधी वाढतो. गाड्या कोट्यवधी असतात, पण अमेरिकेतही छोटी विमानं दोन लाखांच्या घरात आहेत, आणि त्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या मोजक्या. वाडीत पंधराच घरं असली आणि दोघांनी गणपतीची वर्गणी दिली नाही, तर उरलेल्या तेरांच्या अंगावर ती लगेच जाणवते, तसं इथे होतं. शिवाय या कंपन्या स्वतःचा धोका पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा करणाऱ्यांकडे, सोपवतात, आणि तिथे सेस्ना आणि मोठी प्रवासी विमानं एकाच बाजारात येतात. अनेक वर्षं दर घसरत राहिले, कंपन्यांना तोटा होत गेला, काहींनी हा धंदा सोडला. त्यातच ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स कोसळलं, दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली. पुढची दोन-तीन वर्षं विमानविमा सगळीकडेच महागला आणि कॅन्ससमधल्या एखाद्या गावच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या चार आसनी विमानाच्या मालकालाही त्याची झळ पोहोचली.

विम्याने या क्षेत्राला याआधी याहून मोठा धक्का दिला होता. १९७८ मध्ये अमेरिकी कारखान्यांतून सुमारे १७,८०० छोटी-मोठी खासगी विमानं बाहेर पडली. मग मंदी आली आणि जुन्या विमानांच्या अपघातांबद्दल उत्पादकांवर होणारे दावेही वाढले. उत्पादकांचा स्वतःचा दायित्व विमा इतका चढला, की सेस्नाने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये देशातलं वार्षिक उत्पादन हजाराच्याही खाली आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला: विमान अठरा वर्षांपेक्षा जुनं असेल तर सामान्यतः उत्पादकावर दावा चालणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये सेस्ना १७२ पुन्हा बनायला लागलं. आजही बाजारात साठ-सत्तरच्या दशकातली विमानं इतकी दिसतात, ती या खंडामुळे. सुटे भाग महाग, दुरुस्ती करणारे कमी, म्हणून थोड्या मोडतोडीनेही विमान 'पूर्ण गेलं' या खात्यात जातं. वर मांडलेलं ५०,००० आणि २५,००० चं गणित त्यामुळेच इतक्या वेळा प्रत्यक्षात उतरतं.

खासगी विमानाचा विमा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने सक्तीचा नाही. काही राज्यं सक्ती करतात, शिवाय कर्ज देणारी बँक आणि हँगर देणारा विमानतळही मागतो. युरोपात ७८५/२००४ या नियमाने लायबिलिटी सक्तीची आहे आणि रक्कम विमानाच्या वजनावर ठरते. हजार किलोच्या वरचं सेस्ना १७२ असेल, तर बाहेरच्यांसाठी किमान ३० लाख एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबातलं एकक, आणि खासगी उड्डाणात प्रत्येक प्रवाशामागे किमान १ लाख.

भारतात चित्र फार वेगळं आहे. जुहूवर १९२८ पासून फ्लाइंग क्लबची परंपरा असूनही छोटी विमानं मुख्यतः प्रशिक्षण संस्थांकडे आहेत, हौशी मालक विरळा. त्यामुळे वर्गणीदार आणखी कमी, धोक्याचा मोठा भाग पुनर्विम्याने बाहेर जातो आणि हप्त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो. अमेरिकेतले आकडे डोळ्यांसमोर ठेवून इथे विमान घेऊ पाहणाऱ्याने आधी विम्याचा भाव मागवावा, विमानाचा नंतर.

शेवटी, भाव मागवण्याची रीत. गाडीसारखे पाच ठिकाणी फोन फिरवून विमानाच्या विम्यात फायदा होत नाही. अमेरिकेत बहुतेक कंपन्या दलालामार्फतच काम करतात, आणि तुमच्या नावाने जो दलाल आधी पोहोचला त्यालाच भाव देतात. दुसऱ्याने त्याच विमानासाठी विचारलं तर त्याला परत पाठवतात. म्हणून छोट्या विमानांचं काम करणारा एकच दलाल नीट पारखून निवडावा, आणि पॉलिसी संपायच्या महिना-दीड महिना आधी त्याला आपले ताजे तास, वर्षभरात घेतलेलं प्रशिक्षण आणि नवी रेटिंग लेखी कळवावीत. मागच्या वर्षीचाच अर्ज तारीख बदलून पुढे गेला, तर अंडररायटरला, म्हणजे कंपनीत धोका तोलून हप्ता ठरवणाऱ्याला, तुम्ही मागच्या वर्षीचेच वैमानिक दिसता आणि वाढलेल्या अनुभवाची सूट हातची जाते. विमान अजून घेतलं नसेल, तर इसार देण्याआधी त्या विमानाचा नोंदणी क्रमांक दलालाला कळवून लेखी भाव मागवावा आणि त्यात तीन ओळी आधी वाचाव्यात: प्रवाशामागची मर्यादा, वैमानिकाचं कलम, आणि एकट्याने उडण्याआधी करायचे तास.